आंबेडाळीची वाइन: गाडी एकदाची पुढे सरकली

आंबेडाळीबरोबर कोणती वाइन जमते, ही चैत्र लागल्यापासून न सुटणारी गाठ परवा रात्री सुटली. सोळा आणे नाही, पण बारा आणे नक्की. म्हणून शिराझ या रेड वाइनची ठरलेली नोंद मागे ठेवून आधी हे लिहिते.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे दुपारभर वर्दळ असते. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. त्या कार्यक्रमाशी वाइनचा संबंध नाही आणि नसावा. पण रात्री पातेल्यात डाळ उरलेली असते, जाऊबाई पोरांना घेऊन पुण्याहून आलेल्या असतात, सुट्ट्या लागल्यामुळे कुणाला झोपायची घाई नसते आणि गच्चीवर सतरंजी पडते. आमची बाटली उघडते ती तेव्हा. आणि नेमकी ही डाळ एकेका वाइनला आडवं करत होती.

सुरुवात अर्थातच सोव्हिन्याँ ब्लाँने केली. त्या द्राक्षात मेथॉक्सिपायराझिन असतं, ढोबळ्या मिरचीला तिचा हिरवा वास देणारं तेच. कैरी, कोथिंबीर आणि हा वास यांचं जमणार असं मला मनापासून वाटत होतं. वास जमलाही! पण डाळीचा घास खाऊन घोट घेतला की वाइनचं पाणी व्हायचं. फळ गेलं, धार गेली, मागे नुसता अल्कोहोलचा चटका. ऑफ-ड्राय, म्हणजे किंचित गोड, शेनिन ब्लाँ मिरचीपुढे टिकली, पण कैरीपुढे तिची साखर वेगळी पडली. व्हियोनिए सगळ्यात वाईट. तिच्यात आंबटपणा मुळातच कमी, त्यामुळे तोंडात फक्त कडवटपणा उरला. अजून गार करून पाहिलं, तर दोष झाकला गेला, सुटला नाही.

कारण सरळ आहे. पानातला पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन सपाट लागते. कच्च्या कैरीत सायट्रिक आणि मॅलिक आम्ल भरपूर. आपल्याकडच्या उन्हात पिकलेल्या द्राक्षातलं मॅलिक बरंचसं वेलीवरच उडून जातं. नाशिकच्या थंडीतल्या रात्री ते थोडंफार वाचवतात, म्हणून तर इथे वाइन होते. पण कैरीशी बरोबरी करण्याइतकं ते उरत नाही.

मग डोक्यात आलं, की द्राक्ष पूर्ण पिकायच्या आधीच तोडलं असेल तर? स्पार्कलिंग म्हणजे फेसाळ वाइनसाठीची द्राक्षं हंगामात सगळ्यात आधी तोडतात, साखर कमी आणि आंबट जास्त असतानाच. शिवाय बाटलीत दुसऱ्यांदा आंबवताना तयार झालेला कार्बन डायॉक्साइड स्वतःची धार आणतो. आणि ब्रूट, म्हणजे गोड न लागणारी स्पार्कलिंग, म्हटलं तरी लिटरमागे 12 ग्रॅमपर्यंत साखर चालते, म्हणजे कैरीला थोडा तोलही मिळतो. सुला ब्रूट आणली. पहिल्या घासानंतर वाइन वाइनसारखीच लागली! हिरव्या सफरचंदाचा स्वाद शाबूत, आणि डाळीतलं भरड हरभऱ्याचं पीठूळपण फेसाने धुऊन निघालं. नवऱ्याने न विचारता ग्लास पुढे केला.

पण लगेच दुसरी अडचण उभी राहिली. फेस मिरचीचा ठसका वाढवतो. फोडणीतली लाल मिरची जिभेवर टोचायला लागली. माझं सगळं लक्ष बाटलीवर, मी एक्स्ट्रा ड्राय घ्यावी की डेमी-सेक या विचारात (नावं काही असोत, दोन्ही ब्रूटपेक्षा गोड). तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाटली कशाला बदलतेस? मिरच्या तळून काढून घे, फोडणी तेवढी घाल, आणि खोबरं मूठभर वाढव." दुसऱ्या दिवशी तशी डाळ केली. तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, आणि ओल्या खोबऱ्यात स्निग्धांश भरपूर. टोचणं थांबलं. हिंग आणि मोहरीचा खमंगपणा मात्र जागेवर राहिला. माझ्या मते ही आख्ख्या मोसमातली सगळ्यात मोठी कमाई आहे, आणि ती आईंची आहे.

उरलेल्या चार आण्यांचा हिशेब असा, की कैरी फार कोवळी आणि करकरीत आंबट असली तर ब्रूटही दमते. थोडी पाडाकडे झुकलेली घ्या.

सामानाबद्दल दोन शब्द. गच्चीवर रात्रीही गरम वारा असतो, त्यामुळे बादलीत नुसता बर्फ घालून भागत नाही. बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ. साधारण 20 मिनिटांत बाटली हवी तशी गार होते. लेझरचा थर्मामीटर काचेचं तापमान सांगतो, वाइनचं नाही. स्वयंपाकघरातला सुईवाला घ्या, तो स्वस्तही आहे. उंच निमुळत्या फ्लूटमध्ये वास कोंडतो. मी व्हाइट वाइनचा साधा ग्लास वापरते. आणि उन्हाळ्यात बाटली शक्यतो वायनरीच्या दुकानातून आणा. शहरातल्या एका दुकानात ब्रूट दर्शनी काचेत, ऐन पश्चिमेच्या उन्हात उभी होती. ती उघडली तर वास उकडलेल्या सफरचंदाचा.

जाता जाता, गव्हाच्या कुरडया तळून ब्रूटबरोबर खाऊन बघाच. खारट, कुरकुरीत, तेलकट आणि वर आंबट फेस. यंदाच्या कुरडया आम्ही सगळ्यांनी मिळून घातल्या, पोरांनी निम्मा चीक दूध-साखर घालून आधीच संपवला. तळलेल्यांचा पहिला घाणा तर ताटात पडायच्या आधीच गेला.

पुढचा बेत आमरस आणि लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड, शेनिनचा होता. पण हे लिहिता लिहिताच मेथांबा आठवला. कैरी आहे, पण गूळही आहे, म्हणजे जी ऑफ-ड्राय शेनिन डाळीपुढे वेगळी पडली तिची साखर इथे गुळाला जाऊन मिळेल. मेथीच्या कडवटपणाचं काय होतं ते पाहायचं. तेव्हा आमरस पुढे ढकलला, आधी मेथांबा. दिंडोरीकडे द्राक्षवेलींची खरड छाटणी चालू आहे, रविवारी तिकडे चक्कर आहेच, येताना गेल्या हंगामातली शेनिन घेऊन येते. कुणी मेथांब्याबरोबर रीसलिंग लावून पाहिली असेल तर रविवारच्या आत कळवा, म्हणजे तीही एक बाटली आणेन.