डीफॉल्ट बारा

फ्लॅश या वेबवरची हलती चित्रं बनवायच्या हत्याराची जुनी फाइल बिघडली आहे की नुसतीच म्हातारी झाली आहे, हे कळायला ती चालवून बघायची गरज नसते. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडायची आणि पहिली तीन अक्षरं वाचायची. 'एफडब्ल्यूएस' असेल तर फाइल साधी, 'सीडब्ल्यूएस' असेल तर आतला माल दाबून भरलेला. चौथ्या बाइटमध्ये आवृत्ती आणि त्यापुढच्या चार बाइटमध्ये फाइल उलगडल्यावर केवढी भरली पाहिजे तो आकडा. त्या सकाळी माझ्यासमोरच्या फाइलमध्ये 'सीडब्ल्यूएस' होतं आणि त्यामागे ०६. म्हणजे २००२ च्या आसपासचं, फ्लॅश एमएक्सच्या काळातलं काम. सीडी कित्येक वर्षं कुठल्याशा कपाटात पडून होती, वाचताना ड्राइव्ह मध्येच घरघरला, तरी फाइल उलगडून पाहिली तर एक बाइट कमी नाही की जास्त नाही.

एका संस्थेने जुन्या डिजिटल चित्रकथा जमवायला घेतल्या आहेत. त्या आजच्या ब्राउझरमध्ये चालत्या करून द्यायचं काम माझ्याकडे आहे. मी वेब डिझायनर, त्यामुळे हे थोडं वाट वाकडी करून घेतलेलं काम, पण मला आवडतं. बहुतेक फाइली निमूट मार्गी लागतात. ज्यांची कामं मी उघडते ती माणसं एक तर सापडत नाहीत, नाही तर आपण असं काही केलं होतं हेच त्यांना आठवत नसतं. इथे मात्र दुपारी खुद्द चित्रकार येणार होते. सत्तरी ओलांडलेले, कॉम्प्युटरवर चित्र काढणं सोडूनही जमाना झालेला.

फ्लॅशसाठी गळा काढणाऱ्यांतली मी नाही. त्यातला मजकूर धड निवडता यायचा नाही, ब्राउझरचं 'मागे'चं बटण कामाला यायचं नाही, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या माणसाला तर बहुतेक वेळा समोर नुसती भिंत. सुरक्षेची भोकं बुजवता बुजवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. आयफोनवर ते कधी चाललंच नाही आणि २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने जाहीर पत्र लिहून त्याची कारणंही सांगितली. २०१७ मध्ये फ्लॅशची तेव्हाची मालक कंपनी अ‍ॅडोबीने गाशा गुंडाळायची तारीख दिली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःच फाइली चालवायला नकार दिला. झालं ते बरंच झालं. फक्त एक गोष्ट त्याच्याबरोबर गेली. १९९६ साली फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर म्हणून जन्मलेलं, मग मॅक्रोमीडियाने फ्लॅश म्हणून वाढवलेलं ते हत्यार एकट्या माणसाचं होतं. चित्र, टाइमलाइन, आवाज आणि कोड एकाच खिडकीत. चित्रकाराला प्रोग्रॅमरची वाट बघत बसावं लागत नसे. आज तेवढ्याच कामासाठी चार जणांची मीटिंग लागते.

आता अशा फाइली चालवायला रफल नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आहे. रस्ट भाषेत लिहिलेला, वेबअसेम्ब्लीच्या रूपात थेट ब्राउझरमध्ये चालतो. फ्लॅशचा कोड ज्या भाषेत लिहीत त्या अ‍ॅक्शनस्क्रिप्टच्या पहिल्या दोन आवृत्त्यांवरची कामं तो छान पेलतो. ही फाइल त्यातलीच.

चित्रकथा अशी: एक खिडकी, बाहेर फांदी, फांदीवर पाखरू. वाचणाऱ्याने करायचं काहीच नाही. माऊस स्थिर धरायचा. हलवला की पाखरू दचकून आत पानांत जातं. धीर धरला की एकेक पाऊल टाकत खिडकीच्या कठड्यावर येतं आणि मग गोष्ट पुढे सरकते. सगळी गोष्ट अशीच, न करण्यावर चालणारी. ज्या काळात वेबवर जे ते लुकलुकत, फिरत आणि आपणहून गाणी म्हणत होतं, त्या काळात हे कुणाला सुचलं असेल याचंच मला नवल वाटलं.

मग मी ती फाइल डीकंपायलरमध्ये उघडली, तो तयार फाइलमधून कोड परत काढून दाखवतो. फ्लॅशची फाइल तयार होताना कोडमधल्या टिपण्या गळून पडतात, पण व्हेरिएबलची (आकडे साठवणाऱ्या खणांची) नावं आणि फ्रेमला दिलेली लेबलं शिल्लक राहतात. माणूस दिसतो तो तिथेच. एका फ्रेमचं लेबल होतं 'अजून नको', दुसऱ्याचं 'आता ये'. मोजणाऱ्या व्हेरिएबलचं नाव 'धीर'. प्रत्येक फ्रेमला कोड बघायचा, माऊस मागच्या फ्रेमला जिथे होता तिथेच आहे का? असला तर 'धीर' एकाने वाढवायचा, नसला तर शून्य. 'धीर' साठवर पोचला की पाखरू निघतं.

फाइलचा वेग सेकंदाला १२ फ्रेम्स. म्हणजे साठ फ्रेम्स म्हणजे पाच सेकंद. हे गणित फार महत्त्वाचं, कारण आज सर्रास दिसणारा स्क्रीन सेकंदाला साठदा नव्याने रंगतो. जुना कोड जसाच्या तसा आजच्या पद्धतीत उतरवला तर तोच 'धीर' एका सेकंदात भरतो आणि पाखरू जणू बोलावल्यासारखं धावत येतं. फ्रेम्स मोजायच्या नाहीत, मिलिसेकंद मोजायचे, असं मी वहीत लिहून ठेवलं. सोबत प्रश्नांची यादी. बाराच फ्रेम्स का? ती किंचित अडखळणारी चाल पाखराच्या उड्यांना इतकी शोभत होती की त्यामागे विचार असणारच. चौकट ५५० बाय ४००, खिडकीच्या प्रमाणात. आणि तो विटका हिरवा.

ते आले. मी आधी बाराचं विचारलं.

"फ्लॅश उघडलं की बाराच असायचं," ते म्हणाले. "बदलता येतं हे मला फार उशिरा कळलं."

चौकट?

"तीही उघडल्यावर तेवढीच यायची."

हिरवा रंग?

"रंगांची पेटी होती ना ती, दोनशेसोळा रंगांची. त्यातला त्यात कमी भडक तो घेतला."

खरं तर हे मला माहीत असायला हरकत नव्हती. १२ चा वेग, ५५० बाय ४०० ची चौकट, वेबसेफ २१६ रंग, हे सगळं त्या हत्याराबरोबर आयतं येणारं सामान. पण चांगल्या कामात बसलेलं डीफॉल्ट ओळखू येत नाही, ते निर्णयासारखं दिसतं. आणि याची उलटी बाजू मी रोज बघते. २०११ साली ट्विटरमधून बूटस्ट्रॅप हा वेबसाइट बांधायचा तयार साचा बाहेर आला (त्यात पानाचे रकानेही पुढे बाराच झाले, हा निव्वळ योगायोग) आणि पुढची कित्येक वर्षं निम्मं जग त्याच निळ्या बटणांवर क्लिक करत होतं. ग्राहक समोर बसून म्हणतो, एकदम स्वच्छ, आधुनिक दिसलं पाहिजे. त्याला हवं असतं ते बहुधा कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी साच्यात भरून ठेवलेलं मूल्य. ब्राउझरचा मजकूर आपणहून १६ पिक्सेलचा येतो, दुव्याखाली आपणहून रेघ येते. त्यात हात न घालणं हासुद्धा निर्णय असू शकतो, पण तो घेतला होता की नुसताच राहून गेला, हे बाहेरून कुणाला सांगता येणार?

मी फाइल चालवून दाखवली. ते माऊसवर हात ठेवून बसले. पाखरू आलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हे चुकीचं आहे. फार लवकर येतंय."

मी कोड दाखवला. साठ फ्रेम्स, बाराचा वेग, पाच सेकंद, हिशोब चोख. त्यांनी तो वाचला, मान डोलावली आणि पुन्हा म्हणाले, लवकर येतंय. मग हळूहळू उलगडलं. साठ हा आकडा त्यांनी मोजून घातला नव्हता. घालून बघायचं, नाही पटला की बदलायचं, असं करत ते तिथे पोचले होते, आणि तेही स्वतःच्या मशीनवर. त्या मशीनला पानं, फांदी आणि पाऊस एकदम हलवायचे म्हणजे धाप लागायची. फ्लॅशमध्ये बारा लिहिलं म्हणून बारा फ्रेम्स मिळतीलच असं नव्हतं, प्रोसेसर दमला की वेग खाली यायचा. म्हणजे फाइलमध्ये लिहिलेले पाच सेकंद त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. डोळ्यांनी ठरवलेली वाट याहून लांब होती, आणि ती कुठे नोंदलेली नव्हती.

मी आकडा बदलत गेले, ते स्थिर बसून राहिले. सत्तर. नाही. ऐंशी. जवळ आलं. शंभरला म्हणाले, आता कंटाळा येईल. शेवटी चौऱ्याऐंशी, म्हणजे सात सेकंद. कोडमध्ये अक्षरशः एक आकडा, आणि त्यावर जवळजवळ सगळी दुपार गेली. दिवसाचा हिशोब लिहिताना या कामाला काय नाव द्यावं मला सुचेना, 'वेळ जुळवणे' असं लिहून टाकलं.

फोनचा प्रश्न राहिला होता. टचस्क्रीनवर कर्सर नसतो, म्हणजे 'नुसता ठेवलेला माऊस' ही गोष्टच नाही. मला वाटलं होतं ते वैतागतील. त्यांनी माझा फोन हातात घेतला, काचेवर अंगठा टेकवला आणि म्हणाले, असा न हलवता ठेवायचा, त्यात काय. पण अंगठ्याखाली पाखरूच झाकलं जात होतं. म्हणून आम्ही कठड्याचा एक कोपरा बोट टेकवायला मोकळा सोडला. जास्त वेळ दाबून धरलं की फोन आपला मेन्यू वर काढतो, तो बंद करणं आणि बोट जरासं थरथरलं तरी चालेल एवढी सूट देणं, हे माझ्याकडे. स्क्रीन रीडरसाठी गोष्टीचा मजकूर वेगळा लिहायचा होता. त्यातल्या पाखराच्या ओळी त्यांनी सांगितल्या, मी टाइप केल्या.

दुसऱ्या दिवशी संस्थेचं म्हणणं आलं. संग्रहात मूळ काम जसं होतं तसंच राहायला हवं, फाइलमध्ये साठ आहे तर साठच. नियम म्हणून ते बरोबरच आहे, उद्या प्रत्येक कलाकार येऊन जुन्या कामाला हात लावायला लागला तर संग्रह कसला? मी चित्रकारांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "मूळ फाइल माझीच आहे, पण ती माझ्या मशीनशिवाय अर्धी आहे." संस्थेलाही मी हेच वाक्य पाठवलं. बरीच पत्रापत्री होऊन दोन्ही ठेवायचं ठरलं: एकावर 'मूळ फाइल, २००२', दुसऱ्यावर 'चित्रकाराने जुळवलेली'. क्रम कोणता यावर अजून एकमत नाही. त्यांना आपली वर हवी आहे, संस्थेला मूळ. मी तूर्त दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. फोनवर मात्र त्या एकाखाली एक येतात, त्यामुळे तिथे कुणाला तरी वर घ्यावंच लागणार.