साउथ पार्कच्या गेमचा दुसरा भाग: तारखेवर किती विसंबायचं?

'साउथ पार्क' या अमेरिकी कार्टून मालिकेवरच्या गेमचा पहिला भाग, 'स्टिक ऑफ ट्रुथ', मार्च 2014 मध्ये आला, तोही रखडतच. मूळ प्रकाशक टीएचक्यू दिवाळखोरीत गेला आणि 2013 च्या लिलावात गेमचे हक्क युबिसॉफ्टने घेतले. दुसऱ्या भागाची, म्हणजे 'द फ्रॅक्चर्ड बट होल'ची, घोषणा जून 2015 ची, तारीख डिसेंबर 2016. ती पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली, आणि गेम हाती पडला 17 ऑक्टोबर 2017 ला. चाहत्यांनी कितीही बोटं मोडली तरी अशा गेममध्ये घाई परवडत नाही. लिहिणारे आणि आवाज देणारे ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन हे मालिकेचेच निर्माते, त्यांच्याकडे मालिकेचंही काम असतं.

पहिला भाग आता खेळत असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शत्रूचा वार होताना पात्राच्या पायाशी ढालीचं चिन्ह उमटतं, बटण तेव्हाच दाबायचं. आधीच दाबलं तर बचाव फसतो आणि पूर्ण फटका बसतो. दुसरं, 30 चिनपोकोमॉन (गेममध्ये जागोजागी लपवलेली खेळणी) जमवायचे असतील तर परग्रहवासीयांचं यान सोडण्याआधी कोपरा न् कोपरा धुंडाळा आणि वेगळी सेव्ह ठेवा. तिथे परत जाता येत नाही.

दुसऱ्या भागात लढाई चौकटींच्या पटावर होते. कुठे उभं राहायचं हा हिशेब बटणाच्या वेळेइतकाच महत्त्वाचा. पहिल्या भागाची सवय इथे थोडी नडतेच.