साडेतीनशे मिलिअँपिअर अखेर सापडले: मेन रिले चिकटत होता

मंडळी, ड्रॉ (गाडी बंद असतानाही बॅटरीतून गुपचूप वाहणारा जादा करंट) सापडला. मागच्या नोंदीत गाडं अडलं होतं ते असं: नवी, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावूनही गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करायचा. आता खात्रीने सांगतो, नवी बॅटरी ठीक आहे, ऑल्टरनेटर ठीक आहे, आणि आपण बहुतेकांनी ज्याच्यावर संशय घेतला होता तो बॅकअप फ्यूजचा (किल्ली बंद असतानाही चालू राहणारा) सर्किटही ठीक आहे. दोष बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधल्या मेन रिलेचा, म्हणजे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या स्विचचा होता. तो इतके दिवस का निसटत होता ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्यातल्या आणखी दोघा-तिघांच्या गाड्यांची लक्षणं हुबेहूब अशीच आहेत.

आधी जे लवकर मार्गी लागलं ते. जुन्या बॅटरीला रात्रभर चार्ज देऊन हायड्रोमीटर (सेलमधल्या ॲसिडची घनता मोजणारं साधन) लावला. पाच सेल १.२५० च्या वर, एकच सेल १.१६० ला अडकलेला. सेलांमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक दिसला की ती बॅटरी संपली, त्यावर आणखी चार्जर चालवण्यात अर्थ नाही. ऑल्टरनेटरचं म्हणाल तर हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना बॅटरीच्या पोस्टवर (टर्मिनलवर) १४.२ व्होल्ट. मीटर एसीवर फिरवून रिपल (डीसीत मिसळलेला एसीचा अंश) पाहिला, तो ३० मिलिव्होल्ट. डायोड फुटला असता तर हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा वर गेला असता. त्यामुळे ऑल्टरनेटर उतरवण्याचा बेत रद्द.

अर्थच्या पट्टीने मात्र मजा आणली. बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टपासून इंजिन ब्लॉकपर्यंत, सेल्फ मारत असताना, ०.६ व्होल्टचा ड्रॉप. इथे ०.२ च्या वर जाता कामा नये. पट्टी वरून अगदी चकचकीत होती. बोल्ट सोडल्यावर खालच्या बाजूला पांढरट हिरवा थर, आणि वॉशरखाली रंगसुद्धा तसाच. वायर ब्रश, मग सँडपेपर, धातू उघडा पडेपर्यंत घासलं, घट्ट आवळलं आणि वरून ग्रीस. पुन्हा मोजलं तर ०.०८. सेल्फचा आवाजच बदलला हो! आधी ओढत ओढत फिरायचा, आता एका झटक्यात इंजिन उचलतो. ज्यांनी अजून व्होल्टेज ड्रॉप घेतलेला नाही त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो घ्या. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी बिनलोडाचा मीटर १२ व्होल्टच दाखवतो, लोड आला की खरं काय ते कळतं.

आता मुख्य विषय.

गाडी लॉक केल्यावर करंट एकदम खाली येत नाही, पायऱ्या उतरत येतो, हे आपण पूर्वी पाहिलंच आहे. माझ्या गाडीत सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपायला साधारण अर्धा तास लागतो आणि मग २५ मिलिअँपिअर राहतात. ५० च्या आत म्हणजे तक्रारीला जागा नाही. अडचण ही की कधी कधी तो ३५० वर येऊन तिथेच थांबायचा. हिशोब करा: ०.३५ गुणिले २४, म्हणजे दिवसाला ८.४ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत जवळजवळ रिकामी. लक्षणाशी अगदी तंतोतंत जुळतं.

पण फ्यूज काढायला घेतले की गोंधळ. बॉनेटची लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवलेली, दारांच्या लॅचही बंद (गाडीला सगळं बंद आहे असं वाटावं म्हणून), क्लॅम्प (केबलभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) निगेटिव्ह केबलवर, आकडा ३५० वर स्थिर. एबीएसचा फ्यूज ओढला आणि आकडा धाडकन २५ वर! फ्यूज परत बसवला, तरी २५. पुढच्या खेपेला एबीएसचा फ्यूज आधी काढला तर काहीच फरक नाही, आणि बॅकअपला हात लावल्यावर आकडा पडला. त्यानंतर हॉर्नचा फ्यूज काढताना पडला. दर वेळी वेगळाच फ्यूज दोषी ठरत होता. मागच्या नोंदीत मी बॅकअपच्या मागे लागलो होतो तो या घोळामुळेच.

म्हणून पद्धत बदलली. फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मीटरचे प्रोब टेकवून मिलिव्होल्ट मोजायचे. १५ अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रोध साधारण साडेचार मिलिओहम असतो. त्यातून ३५० मिलिअँपिअर गेले तर टोकांमध्ये दीड मिलिव्होल्टच्या आसपास दिसतात, आणि काहीच वाहत नसेल तर शून्य. कुठलीही जोडणी तुटत नाही, कुठलाही मॉड्यूल जागा होत नाही. एकेक फ्यूज तपासत गेलो. शून्य, शून्य, ०.१, शून्य, आणि इंजिन कंट्रोलच्या फ्यूजवर १.४! किल्ली खिशात, गाडी लॉक, आणि ईसीयूला मेन रिलेतून सप्लाय चालू. खात्रीसाठी स्कॅनर लावला तर किल्ली बंद असताना ईसीयू बोलतोय. झोपलेला ईसीयू उत्तर देत नाही.

इथे हत्यारांबद्दल थोडं बोलून घेतो. ड्रॉ शोधण्यासाठी डीसी क्लॅम्पच हवा, आणि तोही मिलिअँपिअर दाखवणारा. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, आणि जे डीसी मोजतात त्यांची सगळ्यात लहान पायरी बऱ्याचदा ०.१ अँपिअरची असते. २५ आणि ९० मिलिअँपिअरमधला फरक तशा क्लॅम्पवर खात्रीने दिसायचा नाही. मीटर सीरिजमध्ये जोडायचा तर आधी समांतर जंपर लावून मग टर्मिनल सोडावं लागतं. तेवढं करूनही टर्मिनल हलवताना या गाडीतला ड्रॉ दर वेळी नाहीसा व्हायचा. केबलभोवती क्लॅम्प अडकवला आणि हात लावला नाही, तेव्हाच तो टिकून राहिला. मिलिव्होल्टसाठी मात्र साधा पण चांगल्या टोकदार प्रोबचा मल्टिमीटर पुरतो.

आता मेन रिले. किल्ली बंद केल्यावर काही सेकंदांनी बॉनेटखालून एक बारीक ‘टक’ येतो. थ्रॉटल जागेवर नेऊन ईसीयू स्वतःच मेन रिले सोडतो, त्याचा हा आवाज. बॉनेट उघडून फ्यूज बॉक्सवर बोटं टेकवून उभा राहिलो. कधी टक यायचा, कधी नाही. ज्या वेळी आला नाही, त्या वेळी अर्ध्या तासाने ३५०. रिलेच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकी मारली की टक, आणि २५. फ्यूजचं कोडं तिथेच उलगडलं: फ्यूज कुठलाही असो, ओढताना बॉक्सला जो हिसका बसायचा त्यानेच चिकटलेला रिले सुटायचा.

आणि हा रिले टेबलावर पास होतो! ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांमध्ये कॉइल ८२ ओहम, १२ व्होल्ट दिले की ओढतो, काढले की सोडतो, ३० आणि ८७ या संपर्काच्या पिनांमधला रोध नगण्य. बिनलोडाच्या चाचणीत तो निर्दोष ठरला. मग हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आहे हे लक्षात आलं आणि दोघांची अदलाबदल केली. हॉर्न दाबला, वाजला. पुन्हा दाबला, वाजला. असं करता करता एकदा हात उचलला आणि हॉर्न वाजतच राहिला. रिलेला टिचकी, हॉर्न बंद. या सगळ्या शोधातला मला सगळ्यात आवडलेला पुरावा हाच, कारण तो आकड्यांत नव्हता, कानावर येत होता.

ब्लेडने कव्हर काढून आत पाहिलं. खालच्या संपर्कबिंदूवर खोलगट काळा खड्डा, वरच्यावर तेवढाच उंचवटा, दोन्ही एकमेकांत बरोबर बसणारे. कव्हरच्या आतल्या बाजूला काजळी. माझ्या मते साखळी अशी. जुन्या बॅटरीचा एक सेल गेला, सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं, ईसीयू रिसेट होऊन त्याने मेन रिले सोडला. सेल्फ सुटताच व्होल्टेज वर आलं, रिले परत ओढला गेला, आणि किल्ली धरून ठेवली असेल तोवर हे पुन्हा पुन्हा. प्रत्येक फडफडीत ठिणगी, प्रत्येक ठिणगीत थोडा धातू वितळून दुसरीकडे गेला. म्हणजे पहिली बॅटरी बसली ती या रिलेमुळे नव्हे. बॅटरी बसली म्हणून रिले बिघडला, आणि बिघडलेल्या रिलेने दुसरी बॅटरी बसवली. बॅटरी बसल्यानंतर निघालेल्या बिघाडांची यादी करताना आधीचे आणि नंतरचे असे दोन रकाने केले असते तर हे लवकर दिसलं असतं. आता मी तसेच करून ठेवलेत. आणि बॅटरी मान टाकत असेल तर टकटक ऐकत किल्ली धरून ठेवू नका, लगेच सोडा.

नवा रिले गाडीच्या कंपनीच्या पार्ट नंबरचा घेतला. सुटे मिळणारे बिननावाचे रिले दिसायला तसेच असतात, पण एक उघडून पाहिला तर संपर्कबिंदू अगदी लहान. हॉर्नला चालतील, मेन रिलेच्या जागी मी तो बसवणार नाही. नवा लावल्यापासून टक एकदाही चुकलेला नाही आणि आकडा दर वेळी २५ वर येतो.

बॅटरी बसल्यानंतर उपटलेल्या बाकी भुतांपैकी बरीच गेली. खिडक्यांचं ऑटो-अप काच पूर्ण वर नेऊन बटण धरून ठेवल्यावर परत आलं. स्टीअरिंगचा दिवा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून विझला. आयडल थोडं चढ-उतार करत होतं, ते थोडं चालवल्यावर आपोआप बसलं. पी०५६२ (व्होल्टेज कमी असल्याचा एरर कोड) पुसला तो पुन्हा आलेला नाही.

एकच हट्टी आहे, यू०१२१. एबीएसशी संपर्क तुटला म्हणून नोंद होते, गाडी चालताना मात्र एबीएस व्यवस्थित. बॅटरी सोडून ओबीडीच्या (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ६० ओहम मिळाले, म्हणजे १२० चे दोन्ही टोकाचे रोध जागेवर आणि कॅनच्या (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या) मुख्य वायरी शाबूत. पुढच्या सुट्टीत एबीएसच्या बाजूचा वायरिंगचा हार्नेस टेप सोडून तपासायचा, असं ठरवलं होतं.

पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट खटकली. हा कोड फक्त सकाळच्या पहिल्या सेल्फनंतर येतो, दिवसभरात नंतर कधीच नाही. आणि एबीएसची अर्थ वायर ज्या मडगार्डच्या बोल्टला जाते, तिथेच बॅटरीची बॉडी अर्थ पण आवळलेली आहे. इंजिनकडची पट्टी मी घासली, हा बोल्ट अजून सोडलेलाच नाही. तेव्हा हार्नेसला हात नको. आधी एबीएसच्या कनेक्टरमधल्या अर्थ पिनपासून निगेटिव्ह पोस्टपर्यंत मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या सेटिंगवर) लावून सकाळचा पहिला सेल्फ मारायचा. मग कनेक्टर काढून त्याच अर्थ वायरीतून ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब पेटवायचा. साडेचार अँपिअर वाहत असताना ड्रॉप ०.१ व्होल्टच्या वर गेला तर बोल्ट उघडायचा, आत राहिला तर मगच हार्नेस.

ज्यांच्या गाडीत ड्रॉ कधी असतो, कधी नसतो, त्यांनी किल्ली बंद केल्यावरचा टक ऐकून बघा आणि किती सेकंदांनी येतो ते लिहा. सोबत झोपेचा आकडा आणि तिथवर पोचायला लागलेला वेळही द्या, म्हणजे वेगवेगळ्या मॉडेलांचा तक्ता तयार करता येईल. माझ्याकडून पहिली नोंद: २५ मिलिअँपिअर, अर्धा तास.