घामाचा हिशेब

कोकणात घामावर विश्वास ठेवू नये. मे महिन्यात गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही ओटीवर नुसतं वर्तमानपत्र वाचत बसलं तरी पाठ भिजते. हवाच इतकी दमट की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि न वाळलेला घाम अंग निववतही नाही. तेव्हा ‘घरकामातच झाला की व्यायाम’ म्हणताना ओला बनियन पुरावा म्हणून चालत नाही. पुरावा श्वासाचा. काम करताना बोलता येतंय पण आरती म्हणता येत नाही, एवढी धाप लागली की ते काम मध्यम व्यायामात जमा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला असा 150 ते 300 मिनिटांचा व्यायाम सांगते, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही. पोरंबाळं असलेल्यांसाठी खरी सोय 2020 च्या शिफारशींत आहे: एका दमात 10 मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अट गेली. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला वेळही आता धरायचा.

मात्र सगळीच कामं या हिशेबात बसत नाहीत. नारळ खोवणं, तांदूळ निवडणं, इस्त्री, यांत हात दमतो आणि छाती शांत राहते. विळीपाशी कमाई होते ती खाली बसताना आणि हात न टेकता उठताना. म्हणून खोबरं, कांदा, कोथिंबीर एकाच बैठकीत उरकू नये. प्रत्येकासाठी वेगळं उठावं. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी हे खुर्चीवरून करावं.

खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, झाडणं हे मात्र घसघशीत काम. माडाच्या हिरांचा खराटा आखूड असला की माणूस कमरेत मोडून झाडतो आणि दुपारी कंबर धरतो. खराट्याला छातीपर्यंत येईल अशी बांबूची काठी घट्ट बांधावी. एक पाय पुढे, एक मागे; वजन मागच्या पायावरून पुढच्यावर न्यायचं, खराटा आपोआप ओढला जातो. अर्धं खळं झालं की हात आणि पाय दोन्ही बदलायचे. इथेच बहुतेक जण चुकतात: उजव्या हाताचा माणूस जन्मभर एकाच अंगाने वळतो. पातेरा, म्हणजे गळलेला पालापाचोळा, माडाच्या आळ्यात नेताना टोपली पोटाशी धरून, गुडघ्यांतून बसून, श्वास सोडत उठावं. पहिल्या पावसानंतर पातेरा भिजून जड होतो, तेव्हा टोपली अर्धीच भरावी.

विहिरीवर पंप बसला आणि घरातलं ओढण्याचं काम गेलं. ही उणीव मोठी आहे. लादी पुसणं, पीठ मळणं, कपडे घासणं, सगळं ढकलायचं, नाहीतर वाकायचं. पाठीच्या वरच्या भागाला खेच देणारं काम त्यांत फारसं नाही. कप्पीवरून पाणी शेंदण्यात ते पुरेपूर मिळतं. एकच पक्की कप्पी वजन कमी करत नाही, फक्त ओढण्याची दिशा बदलते. म्हणजे 10 लिटरचा पोहरा पूर्ण 10 किलोचाच लागतो, वर त्याचं स्वतःचं वजन. आठवड्यातून दोन दिवस झाडांपुरते दहा-पंधरा पोहरे पुरेत. कोपर बरगडीशी आणत एकामागून एक हाताने दोर ओढायचा, ओढताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून ओढलं तर रक्तदाब एकदम चढतो. मागे रेलून कमरेने ओढायचं नाही, आणि दोर तळव्याला कधीही गुंडाळायचा नाही. पोहरा सुटला तर हात घेऊन जातो. कठडा नसलेल्या विहिरीवर हा उद्योग नकोच.

आता जमाखर्च. 20 फूट खोल पाण्यातून असे 20 पोहरे वर आणायला निव्वळ उचलण्यापोटी शरीराचे 12 ते 15 किलोकॅलरी जातात. वाकणं, उभं राहणं धरून आकडा वाढतो, तरी त्यात एक चपाती फिटेलच असं नाही. वजन उतरवायला शेंदायचं असेल तर विहीर आटेल. पाठ, पकड आणि दम यांच्यासाठी शेंदावं.

दहा-बारा किलोचं मूल हे घरातलं आणखी एक ओझं, तेही वळवळणारं. ते बहुधा एकाच कडेवर असतं आणि कंबर तिकडे झुकून राहते. निम्मा वेळ दुसऱ्या कडेवर घ्यावं. पहिले चार दिवस मूल आणि कंबर दोघंही तक्रार करतील. ओटीच्या झोपाळ्यावर पायाने हेलकावे देत मोबाइल बघणाऱ्या वडिलांना हे ओझं आवर्जून द्यावं. तो हेलकावा व्यायामात धरत नाहीत.

बाजारातून येताना पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, लागत असेल तर पिशव्या दोन्ही हातांत सारख्या वाटून चढावं. चढताना छाती भरते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे, कारण उतरताना तोच स्नायू ताणत ताणत वजन पेलतो. जून ते सप्टेंबर जांभ्यावर शेवाळ असतं. तेव्हा एक हात मोकळा ठेवावा, आणि पिशव्यांच्या दोन खेपा कराव्यात.