सहीची फाईल लहान पडते म्हणून अडलेला फॉर्म

धाकट्या भावाचा भरतीचा ऑनलाईन फॉर्म मी भरून दिला. नाव, पत्ता, मार्क, फी, सगळं एका बैठकीत झालं. हाताने लिहिलेलं घोषणापत्र 50 ते 100 केबीमध्ये हवं होतं, तेही पहिल्या फटक्यात गेलं. अडलं ते सहीपाशी. त्या चौकटीचा राग अजून गेलेला नाही, आणि पुढच्या भरतीला आणखी कुणीतरी तिथेच अडणार, म्हणून सविस्तर लिहितेय.

चौकटीखाली लिहिलं होतं: 140 बाय 60 पिक्सेल, जेपीजी, 10 ते 20 केबी. बहुतेकांचं लक्ष 20 कडे जातं, कारण फोनवरचा फोटो दोन-तीन एमबीचा असतो आणि तो खाली आणायचा असतो. आम्ही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही घेतली, स्कॅनिंगच्या ॲपमधून स्वच्छ करून घेतली, ब्राउझरमध्ये मापात बसवली. फाईल झाली जेमतेम चार केबीची. अपलोड केली की लाल अक्षरात एवढंच यायचं: फाईल अवैध. मोठी आहे, लहान आहे की प्रकार चुकीचा आहे, काही नाही. हजारो मुलं ज्या चौकटीतून जाणार तिथे कारण लिहायला एक ओळ लागते. ती लिहायला हवी होती.

कारण आम्हीच शोधलं. 140 गुणिले 60 म्हणजे 8400 पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाईट धरले, तर अजिबात न दाबलेलं, म्हणजे केबी कमी न केलेलं चित्रही 25,200 बाईटचं, म्हणजे साधारण 25 केबीचं होतं. जेपीजीचं कामच मुळी दाबायचं. ते चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि ज्या तुकड्यात काही घडत नाही त्याला जवळपास जागाच देत नाही. पांढऱ्याशुभ्र कागदावरच्या बारीक सहीत बहुतेक तुकडे कोरेच असतात. म्हणजे जितकी सही स्वच्छ, तितकी फाईल हलकी, आणि फॉर्मला ती हवी किमान 10 केबी!

भाऊ म्हणाला, "ताई, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेऊ, तो रोज करतो." मी नाही म्हटलं. अशा दुकानांतल्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर लोकांच्या सह्या, अंगठे, आधार कार्डं तशीच पडून असलेली मी पाहिली आहेत. फोटो, सही आणि अंगठा एकत्र एका अनोळखी फोल्डरमध्ये ठेवायची माझी तयारी नव्हती. 'सही 20 केबी करा' म्हणणाऱ्या कुठल्याही साईटवर फाईल चढवायचीही नव्हती.

मी स्क्वूश वापरलं. गूगलच्या क्रोम टीमने 2018 मध्ये आणलेलं हे साधन ब्राउझरमध्येच चालतं. चित्र तुमच्या कॉम्प्युटरवरच दाबलं जातं, कुठल्या सर्व्हरला जात नाही. कुठल्याही साईटची खात्री अशी करता येते: पान पूर्ण उघडू द्या, मग नेट बंद करा आणि त्यानंतर फाईल टाका. तरीही काम झालं तर त्या कामासाठी चित्र बाहेर जात नाहीये. अडलं तर ते पान बंद करा, सही तिथे देऊ नका.

आता सही जड कशी करायची ते. क्वालिटी 100 वर नेली. स्क्वूशमध्ये जेपीजीसाठी आधीपासून मोझजेपेग निवडलेलं असतं. मोझिलाचा हा एन्कोडर, म्हणजे चित्र जेपीजीत दाबणारा प्रोग्रॅम, फाईल आणखी लहान करण्यासाठीच बनवलेला आहे, आम्हाला नेमकं उलट हवं होतं. म्हणून यादीतून ब्राउझर जेपेग निवडलं. स्कॅनिंग ॲप सोडून दिवसाच्या उजेडात साधा फोटो काढला, म्हणजे कागदाची छटा आणि पोत थोडा तरी राहतो. जाड पेन घेतलं आणि सहीच्या अगदी कडेने क्रॉप केलं, म्हणजे चौकटभर शाई आली. प्रत्येक पायरीला थोडा थोडा आकडा चढत गेला, पण नऊ केबीच्या आसपास येऊन ठप्प.

शेवटी सुटलं ते जाहिरातीच्या लांबलचक पीडीएफमध्ये. तिथे 140 बाय 60 च्या पुढे कंसात 'शक्यतो' या अर्थाचा शब्द होता. म्हणजे माप सुचवलेलं, केबीची अट मात्र सक्तीची! अपलोडच्या चौकटीखालून नेमका तोच शब्द गाळलेला. 280 बाय 120 केलं, म्हणजे प्रमाण तेच आणि पिक्सेल चौपट. क्वालिटी थोडी खाली आणून फाईल 14 केबीला थांबवली, आणि सही एका झटक्यात गेली. भाऊ आनंदाने ओरडला. मला आनंदाआधी संताप आला, की एवढ्याशा शब्दासाठी आमची रात्र गेली.

केबीच्या काठावर राहू नका. कुठे 1000 बाईटचा केबी धरतात, कुठे 1024 चा, त्यामुळे तुमच्याकडे 10.1 दिसणारी फाईल तिकडे कमी पडू शकते. मधला आकडा धरा.

स्क्वूशमध्ये क्रॉप होत नाही, ते आधी फोनवरच करून घ्या. सहीसाठी 7 ला 3 हे प्रमाण ठेवा, नाहीतर मापात बसवताना सही चेपली जाते. फोटोला 200 बाय 230 मागितलं असेल तर तेच प्रमाण आधी कापून घ्या.

आयफोनवाल्यांसाठी वेगळं सांगते. त्याचा कॅमेरा सहसा फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतो आणि कॉम्प्युटरवरच्या क्रोमला तो उघडता येत नाही. भावाचा मित्र फाईलच्या नावाची शेपटी बदलून जेपीजी करायला सांगत होता. नाव बदलल्याने आतली फाईल बदलत नाही. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा आणि फोटो नव्याने काढा.

व्हॉट्सॲपवरून सही मागवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवली की तिथेच एकदा दाबली जाते, आणि आपल्याला पुन्हा दाबायची असते. दोनदा दाबलेल्या सहीच्या कडांना राखाडी डाग येतात. मागची बाजू पारदर्शक असलेली पीएनजी सही कुणी दिली तर तिच्याखाली आधी पांढरा रंग भरा. जेपीजीत पारदर्शकता राहत नाही आणि काही साधनं तिथे काळा रंग भरतात. मग काळ्यावर काळी सही.

फायनल सबमिटच्या आधी प्रीव्ह्यू नक्की उघडा. फोनवर सरळ दिसणारा फोटो तिथे आडवा झालेला असू शकतो, कारण फोन दिशेची नोंद फाईलमध्ये वेगळी ठेवतो आणि काही साईट ती वाचतच नाहीत. ब्राउझरमध्ये फिरवून पुन्हा सेव्ह केला की काम होतं. सबमिटनंतर मात्र आमच्या फॉर्ममध्ये काहीच बदलता येत नव्हतं.