रात्रीचा उणे आकडा

विदर्भातील आर्वी तालुक्यातील आमच्या घराच्या गच्चीवर मी चार वर्षांपूर्वी एक पायरॅनोमीटर बसवला. सूर्याकडून आणि उरलेल्या आकाशाकडून येणारे एकूण सौर प्रारण हे उपकरण मोजते. काचेच्या दुहेरी घुमटाखाली काळा लेप दिलेली चकती असते. ऊन पडले की ती तापते आणि तिच्या खालच्या थर्मोपाइलमध्ये, म्हणजे तापमानातील फरकाचे विजेत रूपांतर करणाऱ्या भागात, अत्यंत लहान विद्युतदाब निर्माण होतो. प्रति चौरस मीटर एका वॉटमागे साधारण १० मायक्रोव्होल्ट, एवढाच तो असतो. हिवाळ्यात मी पहाटे घुमटावरचे दव पुसायला वर जातो, तेव्हा शेजारच्या काकू अंगणातून विचारतात, "काऊन रे बापू, रोज सकायी थे काच पुसतं?" त्यांना मी थोडक्यात उत्तर देतो, सविस्तर उत्तर येथे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

निरभ्र रात्री हे उपकरण शून्य दाखवत नाही. ते उणे आकडा दाखवते. डिसेंबरातील कोरड्या रात्री माझ्याकडे तो प्रति चौरस मीटर उणे ४ वॉटपर्यंत जातो (पुढेही नुसते 'वॉट' म्हणजे प्रति चौरस मीटर वॉट). घुमट थंड आकाशाकडे उष्णता टाकून स्वतः निवतो, चकती त्या निवलेल्या काचेकडे उष्णता गमावते आणि थर्मोपाइल उलट्या दिशेने दाब देतो. दिवसाही हीच क्रिया चालू असते, फक्त उन्हाच्या मोठ्या आकड्याखाली ती दिसत नाही. म्हणून रात्रीचा उणे आकडा ही उपकरणाची सर्वांत प्रामाणिक नोंद आहे, असे माझे मत आहे.

ज्यांनी मला डेटा लॉगर, म्हणजे आकडे आपोआप नोंदवणारे यंत्र, जोडून दिले, त्यांनी सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतील सर्व आकडे आपोआप शून्य होतील अशी व्यवस्था करून ठेवली होती. पहिला पावसाळा गेल्यावर केबलच्या जोडात ओल शिरली होती आणि उपकरण रात्रीही शून्याच्या वर, +६ वॉट दाखवू लागले होते. अंधारात शून्याच्या वरचा आकडा येणे म्हणजे विद्युतजोडणीत दोष असणे. पण तो आकडाच पुसला जात असल्यामुळे चार महिन्यांच्या नोंदी बिघडल्यावर मला ते कळले. त्या नोंदी गेल्याचे दुःख आजही आहे.

आपल्याकडे दुपारी ९०० वॉट ऊन असताना ४ वॉटांची चूक अर्ध्या टक्क्याहून कमी भरते. ध्रुवीय प्रदेशात सूर्य क्षितिजालगत असताना एकूण प्रारण ४० वॉट असेल, तर तीच चूक दहा टक्के होते. अलास्काच्या उत्तर टोकावरील उतकियागविक हे गाव सुमारे ७१ अंश अक्षांशावर आहे. तेथे भर उन्हाळ्यातही सूर्य जेमतेम ४२ अंश वर चढतो. आर्वीत वर्षातील सर्वांत खालचा मध्यान्हसूर्य, म्हणजे डिसेंबरअखेरचा, याहून उंच, सुमारे ४५ अंशांवर असतो. शिवाय सूर्य जितका खाली, तितका घुमटाच्या व चकतीच्या घडणीतील बारीकसा दोषही आकड्यात अधिक उतरतो. हिवाळ्यात तेथे सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. शून्य तपासायला एवढी दीर्घ रात्र आपल्याला मिळणे शक्य नाही.

याच गावी २०१७-१८ मध्ये निरनिराळ्या रचनेचे पंखे आणि तापक बसवलेली प्रारणमापके शेजारी शेजारी ठेवून, घुमटांची छायाचित्रे घेत, सुमारे वर्षभर तुलना करण्यात आली. प्रश्न हिमकणांचा होता. काचेवर दहिवर गोठले की सूर्यप्रकाश विखुरतो आणि आकडा घटू शकतो, तसाच वाढूही शकतो. आकाशाकडून येणारे अवरक्त, म्हणजे उष्णतेचे, प्रारण मोजणाऱ्या उपकरणावर बर्फ साचला, तर ते थंड आकाशाऐवजी त्या तुलनेने उबदार बर्फाचेच प्रारण मोजते आणि आकडा फुगतो. मात्र तापकाने काच गरम केली, तर तिचे तापमान बदलून शून्यच सरकण्याचा धोका असतो. बहुतेक परिस्थितींत, वेगळी उष्णता न देता, बाहेरची हवा पंख्याने घुमटावरून खेळती ठेवणे पुरेसे ठरते, असे त्या तुलनेत आढळले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

तापमानामुळे उपकरणाची संवेदनशीलताही, म्हणजे एका वॉटमागे मिळणारा विद्युतदाबही, बदलते. आयएसओ ९०६० या, अशा उपकरणांची वर्गवारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत हा बदल उणे १० ते ४० अंश सेल्सिअस या पट्ट्यात तपासला जातो आणि 'अ' या सर्वांत वरच्या वर्गाच्या उपकरणाला एक टक्क्यापर्यंत सूट असते. उणे ३० अंशांत काम करणाऱ्याला या पट्ट्याबाहेरची स्वतंत्र चाचणी लागते. विदर्भाला ती कधीच लागणार नाही. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर उतरला, तेच आपल्याकडे विक्रमी ठरले. वरच्या टोकाचे मात्र तसे नाही. मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात, तेव्हा आपणही त्या पट्ट्याबाहेर गेलेलो असतो.

गेल्या डिसेंबरात मी घुमटाभोवती एक लहान पंखा बसवला आणि एक रात्र तो चालू, एक रात्र बंद, असे तीन आठवडे केले. पंखा बंद असलेल्या निरभ्र रात्री आकडा उणे ४ च्या आसपास राहिला. चालू असताना तो उणे २ वर आला आणि पहाटे काच कोरडी होती. आता फडके घेऊन वर जावे लागत नाही. लॉगरमधील रात्रीचे आकडे मी पुसू देत नाही.