विमान कुठे आहे, एवढंच विचारत होते

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीहून पुण्याला येणार असाल आणि बरोबर वयस्कर माणूस असेल, तर हे वाचून निघा. मी अजून चिडलेली आहे, ते लिहिताना जाणवेलच.

धुक्याबद्दल माझी तक्रार नाही. धुक्यात उतरायचं तर धावपट्टी, विमान आणि वैमानिक असे तिन्ही त्या तयारीचे लागतात, एक जरी नसला तरी थांबावं लागतं. तेही सुरक्षेसाठीच, मग थांबू की. राग आहे तो थांबवून ठेवून काहीच न सांगण्याचा.

मी आईला घेऊन दिल्लीहून पुण्याला येत होते. गेटपर्यंत सगळं सुरळीत होतं. डिजियात्रेमुळे मी चेहरा दाखवून आत गेले, आईसाठी आधीच सांगून ठेवलेली व्हीलचेअर हजर होती, सुरक्षा तपासणीही लवकर आटोपली. गेटवर पोहोचलो तेव्हा विमान कंपनीच्या ॲपवर आमच्या विमानापुढे हिरव्या अक्षरांत ‘वेळेवर’ असं होतं. गेटसमोर मात्र विमानच नव्हतं. काचेतून रिकामी जागा दिसत होती आणि सुटायची वेळ अगदी तोंडावर आली होती.

मग वेळ सरकायला लागली. आधी पाऊण तास, तो संपत आला की आणखी पाऊण तास. गेटवरचा बोर्ड एक सांगायचा, ॲप दुसरं. एसएमएस तर मला आलाच नाही, कारण तिकीट काढणाऱ्या एजंटने बुकिंगमध्ये स्वतःचा नंबर टाकला होता. सगळे निरोप त्याच्या फोनवर जात होते आणि तो तेव्हा घरी जेवत होता. एजंटकडून किंवा एखाद्या साइटवरून तिकीट काढलं असेल, तर कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, टाकून आपला नंबर आणि ईमेल आधी तपासा. हे फार महत्त्वाचं आहे. संपर्काची माहिती नीट दिलेली नसेल, तर विमान रद्द झाल्यावर मिळणारी भरपाईही कंपनी नाकारू शकते.

काउंटरवर गेले की एकच उत्तर मिळायचं, “मॅम, सिस्टम में यही दिखा रहा है.” मी म्हटलं, वेळ नका सांगू, विमान कुठे आहे ते सांगा. त्या मुलीने पुन्हा स्क्रीन पाहिली आणि तेच वाक्य म्हटलं. तिच्यावर माझा राग नाही, तिला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.

शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या मुलाने फोन माझ्यापुढे धरला. “काकू, हे बघा.” कुठलं विमान कुठे आहे ते दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ वर त्याने आमचा फ्लाइट नंबर टाकला होता. त्यात आमच्यासाठी ठरलेल्या विमानाचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसत होता. तो दाबल्यावर त्या विमानाच्या दिवसभराच्या फेऱ्या उघडल्या. सकाळची पहिलीच फेरी धुक्यामुळे काही तास उशिरा निघाली होती आणि तो उशीर प्रत्येक फेरीत पुढे ढकलला गेला होता. आम्हाला ‘वेळेवर’ म्हणून सांगितलं जात होतं तेव्हा आमचं विमान पाटण्याला जमिनीवर उभं होतं. पाटण्याहून दिल्ली, उतारू उतरणार, सफाई, इंधन, मग आम्ही. एवढा हिशोब कोणीही करू शकतं. एका विद्यार्थ्याला फोनवर जे दिसतं, ते कंपनीला दिसत नसेल का? (ऐनवेळी विमान बदलूही शकतं, म्हणून अधूनमधून पुन्हा बघत राहा.)

हे आधी कळलं असतं तर मी आईला वेळेवर जेवू घातलं असतं. तिला मधुमेह आहे, रात्रीची गोळी जेवणाबरोबर असते. ‘आता निघेलच’ म्हणून आम्ही राजगिऱ्याच्या लाडवावर भागवत होतो.

पुढचा वाद खाण्यावरून झाला. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेचा नियम असा आहे : अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असेल, तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. दिल्ली-पुणे यात बसतं. काउंटरवर म्हणाले, नव्या वेळेपासून तर पाऊणच तास उशीर आहे. नियमात मूळ वेळेबरोबर सुधारित वेळेचाही उल्लेख आहे, ते तेवढंच धरून बसतात. मी बोर्डिंग पासवरची मूळ वेळ पुढे केली, ॲपवरच्या प्रत्येक बदलाचे स्क्रीनशॉट दाखवले आणि ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगितलं. मागे आणखी चार-पाच जण येऊन उभे राहिले. मग सगळ्यांनाच खाण्याची पाकिटं मिळाली. आईने ते थंड सँडविच खाल्लं आणि गोळी घेतली, तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला. ते खाणं भांडून मिळवलं याचा मला अभिमान आहे.

म्हणून स्क्रीनशॉट काढत राहा. नवी वेळ आली की ॲप जुनी पुसून टाकतं, नंतर हातात काही राहत नाही.

आणखी एक, उशीर दिसला म्हणून गेट सोडून लांब जाऊ नका. सरकलेली वेळ पुन्हा अलीकडेही येते, गेट बदलतं, आणि मुंबईसारख्या विमानतळावर त्याची सरसकट घोषणा होत नाही. बोर्ड आणि फोन दोन्हीकडे लक्ष हवं. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत हा पर्याय मागता येतो, तोही मागितल्याशिवाय कोणी पुढे करत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये धुक्याने असाच गोंधळ झाला होता, तेव्हा डीजीसीएने कंपन्यांना बजावलं होतं की उशिराची खरी आणि ताजी माहिती वेबसाइटवर, एसएमएस आणि व्हॉट्सॲपवर द्या. माझं मागणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. ‘वेळेवर’ लिहिण्याऐवजी ‘तुमचं विमान सध्या पाटण्यात आहे’ एवढी एक ओळ ॲपवर द्या. जेवायचं की थांबायचं, घरच्यांना कधी बोलवायचं, ते आमचं आम्ही ठरवू.

पुण्याला उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. दुसऱ्या दिवशी मी नागरी उड्डाण मंत्रालयाच्या एअरसेवा या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पीएनआर, फ्लाइट नंबर आणि सगळे स्क्रीनशॉट जोडून. कंपनीकडून ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कारण हवामान’ असं उत्तर आलं. हवामानाबद्दल मी विचारलंच नव्हतं. ते मान्य नाही म्हणून पुन्हा लिहिलंय, आणि यावेळी प्रश्न एकच ठेवलाय : विमान पाटण्यात असताना ॲपवर ‘वेळेवर’ का होतं?